अनुरेखक लतीफभाईंचं साम्राज्य

"वासुभाऊ, पयल्याच चालीत फिरत बसाचं नाई. जिथी उभे हाव, तिथीच गाव वसवा. बाजूले नदी असन तं बेस, टेकडी असन तं लय बेस. पण फिरणारा माणूस कोणाचाच राजा होत नाई."

लतीफभाईंनी मला दिलेला हा पहिला धडा. मी तेव्हा टपालाचा गठ्ठा छातीशी धरून त्यांच्या खुर्चीशेजारी उभा होतो. समोरच्या पडद्यावर काळाकुट्ट अंधार होता आणि त्याच्या मधोमध हिरव्या तुकड्यावर चार माणसं बैलगाडी घेऊन थांबली होती. ती माणसं लतीफभाईंची प्रजा होती.

मी पापभीरू माणूस आहे. कचेरीतली टाचणी चुकून खिशातून घरी आली, तर ती परत डबीत पडेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. अशा माणसानं कामाच्या वेळेत, सरकारी संगणकावर, सरकारी विजेवर साम्राज्य उभारायला शिकावं आणि वर त्यात त्याला सुख वाटावं, ही गोष्ट मला अजून टोचते. मी रविवारी कचेरीत जाऊन काम करत असे, तेवढीच भरपाई. पण लतीफभाईंबद्दल लिहायचं तर ते सुख लपवून चालणार नाही.

लतीफ शेख चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी, आमच्या कचेरीत अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरून त्याची हुबेहूब प्रत काढणारा माणूस. रस्ते, तलाव, नाले, मोऱ्या, सगळं त्यांच्या पेनाखालून गेलेलं होतं. अक्षर असं की पाटबंधाऱ्याच्या नकाशावरचं 'सांडवा' हे नावसुद्धा लग्नपत्रिकेवरून उचलल्यासारखं दिसे. मग नकाशे संगणकावर काढायचे असं वरून ठरलं. संगणक आला. तो शिकण्यासाठी आमचे तेव्हाचे साहेब पुण्याला प्रशिक्षण घेऊन आले आणि लगेच निवृत्त झाले. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर येणार होतं, ते वाटेत कुठेतरी राहिलं. त्यामुळे लतीफभाईंकडे पद होतं, टेबल होतं, संगणक होता, फक्त काम नव्हतं. भद्रावतीच्या त्यांच्या भाच्यानं पेनड्राइव्हवर हा खेळ आणून दिला आणि ती उणीव भरून निघाली.

खेळ साधा आहे, म्हणजे ऐकायला. एका टोळीपासून सुरुवात करायची. गावं वसवायची, शेती, रस्ते, विद्या, सैन्य वाढवायचं. अंधारात दुसरेही राजे असतात, त्यांच्या चाली संगणक चालतो. आपण आपल्या सगळ्या चाली करून बटण दाबायचं, मग ते राजे आपापली चाल करतात आणि पुन्हा आपली वेळ येते. तोवर कोणी घाई करत नाही. चहा प्या, नमाज पढून या, पगारपत्रक करा, समोरचा राजा तसाच उभा राहतो.

"हा खेळ सरकारी माणसासाठीच बनला हाय," लतीफभाई म्हणायचे. "आपण चाल केल्याशिवाय समोरचा हालत नाई. फायलीचं बी असंच हाय. फरक येवढाच का इथी चाल केली का काईतरी होते."

रोज सकाळी ते खुर्चीत बसत, आधी ब्लेडनं पेन्सिलीला सुईसारखं टोक काढत आणि ती कानावर ठेवत. तिचा दिवसभर काही उपयोग नसे. मग चष्मा कपाळावर सरकवून राज्य उघडत. खुर्चीची पाठ भिंतीला. दारातून येणाऱ्याला त्यांचा चेहरा दिसे, पडदा दिसत नसे, आणि चेहरा इतका गंभीर असे की येणाऱ्याला आपल्याच कामाची लाज वाटावी.

शिकाऊ आणि मुरलेला असे जगात दोनच प्रकारचे लोक असतात, असं त्यांचं मत होतं. शिकाऊ माणसाला अजूबे बांधायची घाई असते. मनोरे, लटकत्या बागा, मोठमोठाले पुतळे. "अजूबा बांधता बांधता त्याच्या गावात धान्य राह्यत नाई, वसवाले माणूस राह्यत नाई. तवर शेजारचा राजा तीन गावं वसवून मोकळा होते. मुरलेला आधी कोठार बांधते." हे ते सांगत होते तेव्हा खिडकीबाहेर आमच्या साहेबांनी मंजूर करून घेतलेल्या प्रवेशकमानीचं काम चालू होतं आणि आतल्या खोलीत छत गळत असल्यानं नकाशांवर ताडपत्री टाकली होती. लतीफभाईंनी एकदा कमानीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मीच उगाच अपराधी झालो, कारण कमानीच्या पत्राचा मसुदा माझा होता.

त्यांचा दुसरा सिद्धांत असा की प्रत्येक गावानं सगळं करू नये. नदीकाठच्यानं धान्य पिकवावं, डोंगरातल्यानं हत्यारं घडवावी, एखाद्यानं नुसती विद्या करावी. हाच नियम त्यांनी कचेरीला लावला. मी फक्त पत्रं लिहायची. आमचा शिपाई मारोती कुमरे यानं फक्त चहा आणायचा. विद्या त्यांनी स्वतःकडे ठेवली.

आणि सैन्य. संगणकाचा राजा तुमच्यावर कधी चालून येतो? तुमचं सैन्य त्याच्यापेक्षा फार कमी दिसतं तेव्हा. "लढा लागतच नाई, वासुभाऊ. दिसलं पाह्यजे. सीमेवर चार तिरंदाज उभे करून ठेवा, तो दुसरीकडे जाते." लतीफभाईंनी एका कधीच न झालेल्या तलावाच्या जाडजूड फायली आणून टेबलाच्या कडेला भिंतीसारख्या रचल्या होत्या. साहेब काम घेऊन दारापर्यंत येत, ती भिंत पाहत, थबकत आणि ते काम माझ्या टेबलावर ठेवून जात. मी ते करत असे. तिरंदाज उभे करायचं मला कधी जमलं नाही. खेळातही माझं राज्य सदैव उघडं पडलेलं. एखादं शहर चुकून जिंकलंच, तर मी मनातल्या मनात त्या राजाची माफी मागत असे. लतीफभाई म्हणायचे, "तुमचं राज्य नोहे, धर्मशाळा होय ते."

त्यांच्याही राज्याला एकदा खीळ बसली. मारोतीमुळे.

मारोती गडचिरोलीच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावचा. बोलणं मोजकं. तो चहा ठेवून जात होता आणि लतीफभाई मला कुऱ्हाडीचा धडा देत होते. खेळात जंगल तोडलं की एकदम लाकूड मिळतं आणि चालू असलेलं बांधकाम झटक्यात पुरं होतं. "शिकाऊ सारं जंगल सुरवातीलेच तोडून टाकते. मुरलेला थांबते. येक चाल मांग राह्यलो तं दुसरा राजा बांधून नेईन, अशी वेळ आली का मंग कुऱ्हाड काढाची."

मारोती थांबला. "कोणाचं जंगल होय, बाबू?"

"माह्यंच. राज्यच माह्यं हाय."

"तिथी लोक राह्यत नाई का?"

"चित्रात नाई दाखवत."

"चित्रात तं आमचं गावबी नाई दाखवत," मारोती म्हणाला. "बैठक घेतली का गावाची?"

लतीफभाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. खेळातले सगळे पर्याय एकेक करून उघडून पाहिले. युद्ध होतं, तह होता, कर होता, बंड होतं, गावाची बैठक नव्हती. त्यांनी कुऱ्हाड मागे घेतली. खेळात एक अजूबा एकाच राजाला बांधता येतो; हातातोंडाशी आलेला मनोरा दुसऱ्या राजानं बांधून नेला. त्या दिवसापासून चहा ठेवताना मारोती रोज पडद्याकडे वाकून विचारायचा, "हाय ना?" आणि लतीफभाई म्हणायचे, "हाय." राज्य त्या जंगलाला वळसा घालून वाढलं, जरा वाकडं वाढलं. हरत आले की ते आम्हाला सांगायचे, हे धोरण आहे.

हे असं सुरळीत चाललं असताना सुधारित आकृतिबंध आला. म्हणजे कोणत्या कचेरीत किती माणसं हवीत याचा वरून ठरलेला नवा हिशेब. आमच्याकडे एक माणूस जास्त निघाला. त्याला गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याला पाठवायचं होतं. माणूस मी किंवा लतीफभाई. कोण, ते साहेबांनी ठरवून चांद्याला, म्हणजे चंद्रपूरच्या वरच्या साहेबांना कळवायचं होतं.

लतीफभाईंना जायचं नव्हतं. निवृत्ती जवळ आलेली, मूलमध्ये घर बांधलेलं, आणि मुख्य म्हणजे मेहरूनभाभी. "तुमच्या भाभीचे गुडघे गेले," ते प्रत्येकाला सांगत. "मूलचा डाक्टर तिच्या अंगाले लागू हाय. इथचं घर, इथचे शेजारी. तिले उपटून मी कुठी लावू? मले माह्यं काय नाई. तिच्यासाठी म्हून लढून राह्यलो." त्यांनी तसा अर्जही केला. गुडघ्याचं वर्णन इतकं सुरेख अक्षरात की वाचून माझेच दुखू लागले.

मला राहवलं नाही. मी जाण्यास तयार आहे, असं लिहून मी तो कागद त्यांना दाखवला. त्यांनी तो वाचला, शांतपणे उभा फाडला, आडवा फाडला आणि टोपलीत टाकला.

"काऊन?" मी विचारलं.

"देल्लेलं राज्य राज्य नसते. तुमी गेले तं मी जिकलो कुठी?"

आणि त्यांनी मोहीम आखली. मुरलेल्या खेळाडूची ही सगळ्यात लाडकी चाल असते. आपल्या दोन्ही बाजूंना बलाढ्य राजे असले, तर त्यांच्याशी लढायचं नाही, त्यांना एकमेकांत लढवायचं. मग ते आपल्याकडे पाहायचंच विसरतात. आमचे बलाढ्य राजे दोन, मूलचे साहेब आणि चांद्याचे साहेब. भांडायला कारण हवं होतं. ते विश्रामगृहात होतं. विश्रामगृहात वातानुकूलित खोली एकच, आणि ती आपली आहे असं दोघांनाही मनातून वाटत असे. विश्रामगृहाच्या दुरुस्तीसाठी आराखडा पाठवायचा होता, तो लतीफभाईंकडे आला. बऱ्याच काळानंतर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. आराखडा देखणा झाला. वातानुकूलित खोलीच्या चौकोनात त्यांनी लिहिलं, 'राखीव: उपविभागीय अधिकारी, मूल'.

चांद्याहून पत्र आलं, हे कोणत्या आदेशान्वये. आमच्या साहेबांना वाटलं, ही खोली आपल्याला कोणीतरी वरूनच दिली आहे आणि आता काढून घेतली जात आहे. त्यांनी कडक उत्तर धाडलं. तिकडून अधिक कडक आलं. खोलीची किल्ली कोणाकडे, तिथल्या चादरी कोणाच्या नावावर, भिंतीवरचं घड्याळ कोणी नेलं, असा पत्रव्यवहार पेटला. सगळी पत्रं मीच लिहीत होतो, दोन्ही साहेबांचा राग मलाच पापासारखा लागत होता. आणि आकृतिबंधाचा कागद त्या पत्रांच्या ढिगाखाली सुखानं पडून होता.

लतीफभाई आनंदात होते. "दोन राजे लढून राह्यले. आपण पेरणी कराची."

इथेच त्यांचं चुकलं. संगणकाचे राजे भांडले की भांडत राहतात, त्यांना पाहुणे येत नाहीत. चांद्याच्या साहेबांचे व्याही वाघ बघायला आले, कुठेच जागा मिळेना, तेव्हा साहेबांनी नाइलाजानं मूलला फोन केला. आमच्या साहेबांनी स्वतः जाऊन ती खोली उघडून दिली. गावठी कोंबडा कापला. सकाळी दोघे साहेब विश्रामगृहाच्या ओसरीवर पाय पसरून चहा पीत बसले होते आणि एकमेकांना विचारत होते की मुळात हे निघालं कुठून. त्यांनी आराखडा मागवला. तो घेऊन मीच गेलो.

आता अनुरेखकाची एक रीत असते. कोणत्याही नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तो एक चौकट आखतो आणि तीत तीन ओळी लिहितो: रेखले, तपासले, मंजूर. पहिल्या ओळीपुढे त्याची स्वतःची सही. लतीफभाईंच्या हाताला ही सवय इतकी मुरली होती की शेजाऱ्याच्या संडासाचा आराखडा काढून दिला तरी त्यावर ती चौकट आणि सही असे. कट रचताना माणूस कागदावर आपलं नाव टाकत नाही, हे कोणालाही कळतं. अनुरेखकाच्या हाताला कळत नाही. 'रेखले' पुढे डौलदार अक्षरात होतं, ल. शेख.

चांद्याच्या साहेबांनी तिथे बोट ठेवलं. मग ते बोट खाली सरकलं. 'तपासले' पुढे आमच्या साहेबांची सही होती. ते कोणताच कागद वाचून सही करत नसत. चौकशी लावावी तर ती कोणावर, हा प्रश्न दोघांनाही पडला असावा. शेवटी आमचे साहेब घसा साफ करून म्हणाले, "तो आकृतिबंधाचा कागद कुठाय?"

मी परत आलो तेव्हा लतीफभाई राज्य उघडून बसले होते. माझा चेहरा पाहून त्यांना समजलं.

"लतीफभाई, सही काऊन केली?"

"केली नाई," ते म्हणाले. "झाली."

मुलचेऱ्याला जाण्याच्या दिवशी मात्र लतीफभाईंनी मान ताठ ठेवली. मारोतीनं त्यांची वळकटी बसवर चढवली. मी काहीतरी पुटपुटत होतो, की मला फार वाईट वाटतं, जायला मी हवा होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोठं शहर वाचवाले कदीमदी येखादी चौकी सोडा लागते, वासुभाऊ. तुमाले वाचवलं ना? तेच ठरवलं होतं." मग जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे, मी काई चौकी नोहो."

त्यांनी हे खरंच ठरवलं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. ठरवलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी माझं ओझं हललं नाही. त्यांची खुर्ची रिकामी होती, संगणकावर कोणी हात ठेवत नव्हतं. मी त्यांच्या परतीच्या बदलीचा प्रस्ताव लिहिला. त्यात पुन्हा तोच गुडघा घातला, फक्त अक्षर माझं. या टेबलावरून त्या टेबलावर मी त्याच्यामागे फिरलो. दरम्यान आमचे साहेब गेले, चांद्याचेही गेले. नवे आले, त्यांनी न वाचता सही केली. अशा सह्यांबद्दल मी मनातून फार बोललो आहे. ही मात्र मी दोन्ही हातांनी घेतली.

आदेश टपालानं जाऊ शकला असता. तो आपण स्वतः न्यावा असं मला वाटलं. चामोर्शीला एसटी बदलून मी मुलचेऱ्याला उतरलो. लतीफभाईंचं बिऱ्हाड भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. आसपासच्या गावांत पूर्वी वसवलेली बंगाली कुटुंबं, त्यांच्या बायका हातात जाळीच्या पिशव्या घेऊन समोरच्या वाटेनं बाजाराला जात होत्या. ओसरीवर शिलाई मशीन होतं आणि मशीनवर मेहरूनभाभी. बाजूला शाखा-पोला, म्हणजे बंगाली सुवासिनींच्या पांढऱ्या-लाल बांगड्या, घातलेली एक बाई ब्लाउजसाठी थांबली होती, तिला भाभी सबिता म्हणत होत्या. लतीफभाई जमिनीवर कापडाच्या चिंध्यांत बसले होते. मला पाहून चटकन उठायला गेले, मग पुन्हा बसले.

"या वासुभाऊ. काय आणलं?"

"ऑर्डर, लतीफभाई. मूलची. परत."

त्यांनी चष्मा खाली ओढला, कागद वाचला, पुन्हा वाचला. चेहऱ्यावर जुनं हसू आलं. "पाह्यलं? लंबा खेळ असते हा." आणि मशीनकडे वळून म्हणाले, "ऐकलं का? बांधाबांध करा लागन."

मशीन थांबलं नाही. "कोणासाठी?" भाभींनी विचारलं.

"कोणासाठी म्हंजे? तुह्याचसाठी. तुहे गुडघे..."

"गुडघे तं सगळ्यायचेच दुखते." भाभींनी टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला. "वासुभाऊ, तुमीच सांगा. आमचं मूलचं घर कुठी हाय?"

"राइस मिलच्या मांग," मी म्हणालो.

"त्या मिलचा भुसा माह्या छातीत होता. रात न् दिवस खोकत होती मी. इथी आली, येका महिन्यात खोकला गेला. आन यायनं अर्जात काय लिवलं? गुडघा." त्या लतीफभाईंकडे वळल्या. "मेरे को कौन पूछा?"

सबितानं पदर तोंडाला लावला. हसू दाबत होती.

माझ्या खिशात त्या अर्जाची नक्कल होती. ती मी आणखी आत सरकवली.

"बोल्ली काऊन नाई?" लतीफभाई म्हणाले.

"बोल्ली ना. तुमी म्हणत, थांब, हे येक होऊ दे." भाभींनी कापड उलटं केलं. "मशीन बी तिथी तुमच्या नकाशायच्या गुंडाळ्याखाली दबून होतं. इथी लावलं. पाय चालते तं गुडघेबी मोकळे झाले. मी जात नाई. तुमाले जाचं असन तं जा, डब्बा करून देईन."

लतीफभाईंनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. काहीतरी चाल सुचेल असं मला वाटत होतं. शेजारी चूल विझत आली होती, तिचा धूर ओसरीवर येत होता, आणि भाभी खरंच खोकत नव्हत्या. बहुधा लतीफभाईंनाही ते तेव्हाच ऐकू आलं असावं, म्हणजे ऐकू न येणं ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान वर करून भाभींकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

"बसून काय राह्यले?" भाभी म्हणाल्या. "सबिताले उशीर होऊन राह्यला. मांगचा गळा काढून द्या. खोल मांगते ती."

"कागद संपला," लतीफभाई म्हणाले.

"हातात काय हाय मंग?"

त्यांनी आदेश पालथा केला. मागची बाजू कोरी, कागद चांगला जाड. चिंध्यांतून पेन्सिल शोधली. सबिताच्या पाठीवर भाभींनी वीत ठेवून माप सांगितलं आणि लतीफभाईंनी एका दमात गळ्याची अर्धी गोलाई ओढली, नदीचं वळण काढावं तशी. मग भाभींनी कात्री पुढे केली.

बदलीच्या आदेशाला कात्री लागताना मी आजवर पाहिलेली नव्हती. मी बसची वेळ झाली असं म्हणून उठलो. वाटेवरून मागे वळून पाहिलं, तेव्हा लतीफभाई गुडघ्यांवर उभे राहून तो कागद सबिताच्या पाठीवर धरत होते आणि भाभी लांबून, एक डोळा मिटून, त्यांना सांगत होत्या, "खाली घ्या. आणखीन जरा खाली. हां, आता हलू नोका."